दाजी अजून यायचेत

नाही, पण मी म्हणते, कोणी सांगितलं होतं? एकसष्ट वर्षांचा माणूस, गुडघ्याला दोन वेळा तेल चोळावं लागतं, देवळाच्या पायऱ्या चढताना प्रत्येक पायरीला देवाचं नाव वेगळं आणि 'आई गे' वेगळं... आणि हा माणूस डोक्यावर हिरवं हेल्मेट घालून, पोटावर पाचशे सतरा नंबर लावून, सकाळी साडेसहाला चिवल्याच्या किनाऱ्यावर उभा! आणि बाजूला कोण? तर ज्याच्याशी दोन वर्षं एक शब्द बोललेला नाही तो जावई! दोघांनी तोंडात मिठाची गुळणी धरलेली, दोघे समुद्राकडे बघतायत, जसा काही समुद्र आजच आणून ठेवलाय तिथे!

हा माणूस म्हणजे आमचे हे. अख्खं मालवण ह्यांना दाजी म्हणतं. दाजी पोस्टमन. तुम्हाला सोपं जावं म्हणून मी पण आज दाजीच म्हणते. घरी नाही हां म्हणत. घरी मी 'अहो' म्हणते आणि ते ऐकत नाहीत.

छत्तीस वर्षं सायकलवर टपाल वाटलं ह्यांनी. कोणाचा कुत्रा चावरा, कोणाची म्हातारी बहिरी, कोणाच्या मुलाला नोकरीचं बोलावणं आलं, कोणाचं सोयरीक मोडल्याचं पत्र आलं, सगळं आधी दाजींना ठाऊक. आणि अशा माणसाला स्वतःच्या मुलीचं लग्न कसं कळावं? रजिस्टर टपालाने! पोस्टात, टपाल लावायच्या टेबलावर, चार माणसांदेखत!

आमची तन्वी कोल्हापूरला नोकरीला. तिथे तिचं जमलं. मुलगा जितेंद्र, फोंडाघाटचा, चांगला, शांत, सकाळी उठून धावायला जाणारा. वाईट काहीच नव्हतं हो त्यात! पण तिला वाटलं, बाबा फोनवर ओरडतील, पत्र आलं तर निदान शेवटपर्यंत वाचतील, कारण आमच्या घरात देव पहिला आणि टपाल दुसरं. म्हणून तिने तारीख ठरवून निमंत्रण पाठवलं. आता मला आधी माहीत होतं का? ... तो विषय वेगळा.

तर टेबलावर पाकीट आलं. पाठवणाऱ्याचं नाव तन्वी, घेणाऱ्याचं नाव दाजींचं. बाजूचा कारकून म्हणतो, "दाजी, चेडवाचा रजिस्टर? काय लगीन-बिगीन काय?" गंमत म्हणून म्हणाला तो! ह्यांनी फोडलं, वाचलं, परत नीट घडी घालून बंद केलं, लाल पेन घेतला आणि वर लिहिलं, 'घेण्यास नकार'. छत्तीस वर्षांत ह्या माणसाने पत्ता चुकलेलं पत्रसुद्धा माणूस शोधून पोचवलं, आणि परत पाठवलं ते एक, स्वतःचं! राग लग्नाचा नव्हता, तुम्हाला सांगते. राग हा, की सगळ्या गावाला बातमी ज्याने पोचवायची, त्यालाच शेवटी कळली.

लग्नाला गेले नाहीत. मी सावंतवाडीला बहिणीकडे गेले होते त्या दिवशी. म्हणजे सावंतवाडी म्हणून निघाले... गाडी कोल्हापूरला गेली. कुठे बोलू नका.

मग दोन वर्षं ही अशी. तन्वी गणपतीला यायची, एकटी. तिच्याशी बोलायचे, पण कसं? "जेवलंस?" "बरा आसा?" एवढंच. जितेंद्रचं नाव निघालं की ह्यांना नेमकं कुंपणाचं काम आठवायचं.

आणि मग गेल्या डिसेंबरात ही स्पर्धा आली. ट्रायथलॉन. मला 'ट्राय' एवढंच कळलं, म्हणजे प्रयत्न करून बघा, जमलं तर जमलं. तसं नसतं. आधी समुद्रात साडेसातशे मीटर पोहायचं, मग वीस किलोमीटर सायकल, मग पाच किलोमीटर धावायचं. एकट्याने करणारे वेडे असतात, आणि तिघांनी वाटून घेणारे जरा कमी वेडे. तन्वी पोहणार होती, तिची ऑफिसातली मैत्रीण रिया सायकल चालवणार होती, जितेंद्र धावणार होता. आणि बुधवारी रिया सराव करताना पडली, मनगट प्लास्टरात. तन्वीचा फोन मला. रडवेली. "आई, सहा महिने तयारी केलंय गो. शुक्रवारपर्यंत दुसरो माणूस नाय गावलो तर संघ बाद."

मी आता काय करणार? मी दाजींना नाही सांगितलं. मी फोडणीला सांगितलं. मोठ्याने. "एवढी पोहते पोरगी, आणि सायकल चालवायला एक माणूस मिळू नये म्हणजे काय!"

पाटावरून आवाज आला, "फोडणी जळता ती बघ."

संपला विषय! पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी तापवायला बाहेर येते तर खळ्यात सायकल उलटी, चाकं वर, आणि हे तेलाची बुधली घेऊन खाली बसलेले. मी विचारलं, हे काय? तर म्हणे, "पडान रवली म्हणान गंजली. बघतंय जरा." गंज! रिटायर झाल्यापासून वर्षभर त्या सायकलवर मी गोधड्या वाळत घालते, तेव्हा नाही दिसला गंज!

दुपारी स्वतः फोन लावला मुलीला. स्वतः! "किती वाजता येवचा?" एवढाच प्रश्न. आणि मग जरा थांबून, "माका तुझ्या घोवाशी बोलाक लागतला काय?"

तन्वी हुशार. म्हणाली, "नाय बाबा. बोलूचा काय्येक नाय. पायातलो पट्टो काढून त्येका देवचो, बस."

"देतलंय," म्हणाले.

आता हा पट्टा काय ते समजून घ्या, कारण सगळं महाभारत तिथेच आहे. घोट्याला एक कापडी पट्टा बांधतात, त्यात छोटी चकती असते, तिच्यावरून वेळ मोजतात. पोहणाऱ्याने येऊन तो सोडायचा आणि सायकलवाल्याच्या पायात बांधायचा, सायकलवाल्याने येऊन धावणाऱ्याच्या पायात. पट्टा ज्याच्या पायात तो स्पर्धेत, बाकी दोघे जत्रेला आल्यासारखे. तन्वी ह्यांना 'देवचो' म्हणाली. 'बांधूचो' असं म्हणाली नाही. मुलगी कोणाची आहे शेवटी!

तर रविवारी सकाळी किनाऱ्यावर. सगळ्यांच्या सायकली कशा? बोटावर उचलाव्या अशा, नारळाच्या झावळीच्या हिरासारख्या बारीक. आणि आमची? काळी, उंच, पुढे घंटा, मागे कॅरिअर, चेनला पत्र्याचं झाकण. तपासायला एक पंच आला, विशीतला, शिट्टी गळ्यात. सायकलीकडे बघतच राहिला.

"काका, कॅरिअर आहे?"

"आहे," हे म्हणाले. ऑफिसातल्या माणसाशी शुद्ध बोलतात हे.

"स्टँड पण आहे?"

"दोन पायांचा आहे."

"गिअर?"

"ते नाहीत. आणायचे होते काय?"

ह्यांना वाटलं, सामानाची यादी तपासतोय! शेवटी त्याने ब्रेक दाबून बघितले, हसला आणि नंबर लावून दिला. हेल्मेट म्हणून हे स्कूटरचं घेऊन आले होते, तोंडावर काच असलेलं. ते चालत नाही म्हणाले, मग कोणाचं तरी जास्तीचं मिळालं. ते हिरवं. मी म्हणते, कोणी सांगितलं होतं हो?

सात वाजता शिट्टी झाली आणि पोरं समुद्रात पडली. मी काही बघितलं नाही, मी डोळे मिटून होते. मुलगी कितीही पोहणारी असली तरी आईला पाणीच दिसतं. आणि डोळे उघडले तर काय! एकतीस संघांतली आमची तन्वी पाचवी बाहेर! केसांतून पाणी निथळतंय, धावत वर आली ती थेट ह्यांच्या पुढ्यात आणि वाकली पट्टा बांधायला. आता मुलगी पायाशी वाकल्यावर बापाचा हात कुठे जाणार? डोक्यावर! "असूदे, असूदे, सुखी रव," हे म्हणतायत, डोळे भरलेले, आणि ती खालून ओरडतेय, "बाबा, जावा! जावा आता!"

निघाले. घंटा वाजवत निघाले! ट्रिंग ट्रिंग ट्रिंग, समोर कोणी नसताना!

पुढचं मी डोळ्यांनी बघितलेलं नाही. पण आठ दिवस मी कोळंबपासून पुढे घरोघरी चौकशी केली, तेव्हा एकेक कळलं. रस्ता कोळंबच्या पुलावरून आचऱ्याच्या बाजूला, दहा किलोमीटर जायचं आणि दहा परत. म्हणजे ह्यांची जुनी टपालाची वाट! सायकलवाले बाजूने सूं सूं निघून जातायत आणि ह्यांना घराघरातून हाका. "दाजी, परत कामावर घेतल्यानी काय रे?" "दाजी, माझा पार्सल इला काय?" "दाजी, टोपी बरी दिसता!" पहिला अर्धा रस्ता हात दाखवत, उत्तरं देत. शर्यत आहे हो! वरात नाही!

दहा किलोमीटरला वळले. गुडघा बोलायला लागलेला. तरी चढावर उतरले नाहीत, हे मला तीन घरांनी सांगितलं, तीनही वेगवेगळी, म्हणजे खरं असणार. उभे राहून पायडल मारत होते, तोंड लाल, आणि स्वतःशीच बोलत होते. काय बोलत होते ते बायकांनी मला सांगितलं नाही.

आणि चढ संपला तिथे, रस्त्याच्या मधोमध, काठी आडवी धरून, तुळसाआजी! नव्वदीची, ठार बहिरी. ह्यांना ब्रेक लावावाच लागला.

"इलस? चार दिस वाट बघतंय तुझी!"

"आजये, सोड माका! मी रिटायर झालंय!"

"काय? टायर गेलो? मगे हंयच ठेव सायकल, चलत जा!"

"टायर नाय गो! शर्यत आसा माझी!"

"तर तर! आधी ह्यां वाच. नवो पोरगो गाडयेवरसून येता, टाकता नि जाता. वाचूक येळ नाय त्येका." आणि पदरातून एक पाकीट काढलं.

आता दुसरा कोणी असता तर काठीच्या खालून निघून गेला असता की नाही? पण समोर पाकीट धरलं आणि दाजी पोस्टमन निघून गेला, असं कसं होणार! उतरले. हेल्मेट डोक्यावर, घाम गळतोय, मागून येणारे दोन सायकलवाले बघत गेले, आणि हे रस्त्याच्या कडेला उभं राहून मोठ्याने वाचतायत. काय असावं पाकिटात? लग्नाची पत्रिका! आजीच्या भावाच्या नातीचं लग्न, वैभववाडीला. मुलीच्या बापाचं नाव, मुहूर्त, जेवण, सगळं वाचलं, दोनदा, कारण पहिल्यांदा तिला ऐकू आलं नाही. आणि शेवटी, 'आपण अगत्य येण्याचे करावे'.

हे म्हणाले, "आजये, वैभववाडी लांब पडतली तुका. ह्या वयात कशी जातलस?"

तर म्हातारी म्हणाली, "तेंनी आठवण ठेवून बोलावल्यानी. जावक होया मा?"

हे आजीने मला जसंच्या तसं सांगितलं. आणि म्हणाली, "तुझो घोव थयच उभो रवलो गो. पत्रिका माझ्या हातात, आणि ह्यो आपलो उभो. मी इचारलंय, काय झाला? तर म्हणता, डोळ्यात घाम गेलो. मगे जो पळालो, चपलेचो बंद तुटलो तरी मागे बघूक नाय!"

इकडे किनाऱ्यावर काय चाललेलं? एकेक सायकलवाला येतोय, पट्टा देतोय, धावणारा पळतोय. तीस धावणारे गेले. दोरीच्या आत एकटा जितेंद्र. ऊन वर आलेलं. नियम असा, नऊच्या आत पट्टा मिळाला नाही तर संघ बाद. आठ चाळीस झाले. आठ पंचेचाळीस. तन्वी नखं खातेय. मी मनात म्हणतेय, सायकल मोडू दे, पण माणूस नीट येऊ दे. पंच जितेंद्रजवळ आला आणि हळूच म्हणाला, "दादा, तुमच्या काकांनी बहुतेक सोडलं असणार. गाडी पाठवू का बघायला?"

जितेंद्र म्हणाला, "नको. ते येतील. पोस्टमन आहेत ते. घेतलेलं पोचवल्याशिवाय राहत नाहीत."

मी दोरीला लागून उभी होते, मी ऐकलं. मला एक पाकीट आठवलं, लाल पेनाचं. पण ज्याचं पाकीट परत आलं तोच म्हणतोय, तर मी कोण?

आठ त्रेपन्न... आठ पंचावन्न... आणि लांबून... ट्रिंग ट्रिंग!

अहो काय ओरडले लोक! पहिल्या नंबराला ओरडले नव्हते तेवढे! आले, एका पायात चप्पल, हेल्मेट कानावर. सायकल जागेवर लावली. दोन पायांच्या स्टँडवर चढवली. आणि मग... खिशातून किल्ली काढली आणि कुलूप लावलं! चार मिनिटं उरलीयत, अख्खा किनारा "दाजी, दाजी" करतोय, आणि हा माणूस कुलूप ओढून बघतोय लागलं की नाही ते! मी म्हणते, कोणी सांगितलं होतं?

लंगडत जितेंद्रसमोर आले. आपल्या पायातला पट्टा सोडला, पुढे केला, आणि तेव्हा पंच म्हणतो, "काका, बांधा पटकन!"

बांधा!

दोघे एकमेकांकडे बघतायत. दोन वर्षांत पहिल्यांदा. जितेंद्रने पट्ट्याला हात घातला, "बाबा, राहू दे, मी बांधतो." पण त्याच्या हाताला घाम, पट्टा पडला वाळूत. हे वाकले उचलायला आणि वाकले ते वाकलेलेच राहिले, कारण गुडघा अडकला! मग तिथेच वाळूत बसले आणि त्याचा पाय धरला. तर तो पाय मागे घेतोय! सासऱ्याने पायाला हात लावायचा म्हणजे काय, संस्कारी मुलगा! हे पुढे सरकतायत, तो मागे, हे पुढे, तो मागे, आणि तीन मिनिटं उरलेली!

आणि मग दाजी जे ओरडले, ते पार बंदरापर्यंत गेलं असेल. "पाय दी रे मेल्या! येळ जाता!"

दोन वर्षांतला पहिला शब्द. 'मेल्या'.

त्याने पाय दिला. पण घोट्याला सगळी वाळू, दीड तास वाळूत उभा तो, आणि वाळूवर पट्टा काही चिकटेना. ह्यांनी इकडे तिकडे बघितलं, तन्वीच्या हातातली पाण्याची बाटली ओढून घेतली आणि त्याच्या पायावर ओतली. मग खांद्यावरच्या टॉवेलाने पुसला. घोटा पुसला, आणि घाई विसरून दुसरा पाय पण पुसला. कशाला? पट्टा एकाच पायात असतो! पण पुसला. आणि हळू... कसं सांगू तुम्हाला... पंचासमोर, लोकांसमोर, डोकं खाली घालून, एकेक पाय धरून पुसला.

लग्नात कन्येचा बाप जावयाचे पाय धुतो ना? तिथे तांब्याचं ताम्हण असतं, भटजी असतो. इथे प्लॅस्टिकची बाटली आणि शिट्टीवाला पोरगा. तन्वी रडतेय, मी रडतेय, आणि पंच ओरडतोय, "काका, दोनच मिनिटं!"

पट्टा बसला. ह्यांनी त्याच्या पोटरीवर थाप मारली, बैलाला मारतात तशी. "जा."

आणि पोरगा सुटला! मी धावणारी माणसं बघितलीयत, पण हा धावत नव्हता, ह्याला कोणीतरी पाठीमागून ढकलत होतं. पाच किलोमीटरमध्ये पुढच्या तिघांना मागे टाकलं त्याने. शेवटच्या वळणावर दिसला, तशी तन्वी त्याच्याबरोबर धावायला लागली, आणि हे... एक चप्पल, अडकलेला गुडघा... हे पण! तिघे मिळून कमानीखालून आले. एकतीस संघांत आमचा अठ्ठाविसावा. मागे तीन होते. हे ते दिवसातून दोनदा सांगतात, दूधवाल्याला सुद्धा.

गळ्यात पदकं पडली. जितेंद्रने ह्यांना पाणी दिलं, हे प्याले, तोंड पुसलं आणि म्हणाले, "टाच आधी टाकतस तू. चुकता ता. पुढचो पाय टाकूक होयो." आयुष्यात न धावलेला माणूस! पण तुम्हाला सांगते, ह्याला आमच्याकडे माफी मागणं म्हणतात. यापेक्षा जास्त मिळत नाही. आणि मग समुद्राकडे बघत म्हणाले, "दुपारी घराक येवा. दोगांय. मी बोलवतंय."

आले. जेवले. त्या मुलाने आमचं घर पहिल्यांदा बघितलं. त्याचं पदक, तिचं पदक, ह्यांचं पदक, तीनही दारावरच्या पट्टीला टांगलीयत, येणाऱ्या जाणाऱ्याच्या डोक्याला लागतात, पण काढायचं नाव नाही. मला काय वाटतं? ... लागू देत. माझ्या पण डोक्याला लागतात रोज. मी मुद्दाम जरा ताठ चालते तिथून.

पण आता ऐका. परवा सासरा-जावयाचं फोनवर तासभर चाललेलं. पुढच्या वर्षाची नावं घेतायत म्हणे. तन्वीची त्या आठवड्यात परीक्षा आहे, बढतीची. ती नाही. मी म्हटलं, चला, सुटले सगळे! तर संध्याकाळी हे मोबाइल घेऊन आले आणि फॉर्म दाखवला, भरलेला. धावणे, जितेंद्र. सायकल, दाजी. पोहणे... सावित्री. मी! चाळीस वर्षांपूर्वी, लग्नाआधी, भावांबरोबर होडीतून उड्या मारायचे हे कधीतरी ह्यांना सांगून बसले, ती माझी चूक. विचारलं? एका शब्दाने विचारलं नाही! मी म्हटलं, अहो, मी छप्पन्न वर्षांची, मला कोणी बघितलं तर? तर म्हणतात, "पाण्यात कोण बघता?"

मी काय करणार? रोज सकाळी सातला चिवल्याला जाते. कमरेएवढ्या पाण्यापर्यंत आलेय. आणि तुम्हाला सांगते, तो पोहण्याचा चश्मा असतो ना, त्याच्यात आमच्या मालवणात डोळ्यांचा नंबर घालून मिळत नाही हो.